जीर्णोद्धार झालेली जुनी इंग्लिश बाग: कशी निवडावी, कशी पाहावी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात जुन्या हवेल्यांभोवतीच्या शेकडो बागा तिकीट काढून पाहता येतात. त्यांतल्या काही मधल्या काळात उजाड झाल्या, झाडोऱ्यात बुडाल्या आणि पुढे कुणीतरी त्या पुन्हा उभ्या केल्या. अशा बागा पाहण्याची रीत थोडी निराळी आहे. नेहमीच्या बागेत फुलं बघितली, बाकावर टेकलं, चहा घेतला की झालं. इथे मात्र फाटकातून आत शिरण्याआधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते: ही बाग कोणत्या सालची म्हणून उभी केली आहे?

बाग सतत बदलत असते. एका मालकाने लावलेलं रोप त्याच्या पणतवाच्या काळात वृक्ष होतं, मधल्या पिढीला सरळ वाटा नकोशा होतात, पुढच्या पिढीला गुलाब हवे असतात. त्यामुळे जीर्णोद्धार करणाऱ्यांना एक काळ निवडावाच लागतो. त्यानंतरचं काय काढायचं आणि काय राहू द्यायचं, हेही ठरवावं लागतं. तुम्हाला दिसणारं प्रत्येक आळं, प्रत्येक वाट या निर्णयातून आलेली असते. तो निर्णय माहीत नसेल तर बाग नुसतीच सुंदर दिसते. माहीत असेल तर ती वाचता येते.

ग्लॉस्टरशायरमधल्या पेन्सविकच्या रोकोको (अठराव्या शतकातली नाजूक, खेळकर शैली) बागेने १७४८ हे साल धरलं, कारण त्या वर्षी टॉमस रॉबिन्स या चित्रकाराने तिचं उंचावरून पाहिल्यासारखं तपशीलवार चित्र काढलं होतं. त्याच परगण्यातल्या वेस्टबरी कोर्टची डच धाटणीची पाणबाग १६९६ ते १७०५ या काळात आखली गेली. वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ती १९६७ मध्ये ताब्यात घेतली आणि लागवड करताना १७०० च्या आधी इंग्लंडमध्ये ज्ञात असलेल्या वनस्पतींवर भर दिला. कॉर्नवॉलमधलं हेलिगन पहिल्या महायुद्धानंतर रानाने गिळलं होतं. १९९० मध्ये ते पुन्हा उजेडात आलं, १९९२ मध्ये लोकांसाठी उघडलं, आणि तिथे युद्धाआधीचा राबता मळा उभा करण्यावर भर आहे. सॉमरसेटमधल्या हेस्टरकमने एकच काळ निवडायचं टाळलं. तिथे तीन शतकांच्या तीन बागा शेजारी शेजारी आहेत.

घरबसल्या करायचा अभ्यास

तासाभराचं काम आहे, पण सगळ्या सहलीचा रंग बदलतो. पहिल्यांदा हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या संकेतस्थळावरची नॅशनल हेरिटेज लिस्ट उघडा आणि बागेचं नाव टाका. ऐतिहासिक बागांची नोंदवही १९८३ पासून ठेवली जाते आणि तिच्यात प्रतवारी असते: पहिली श्रेणी, दुसरी तारांकित आणि साधी दुसरी. श्रेणीपेक्षा नोंदीचा मजकूर जास्त मोलाचा असतो. त्याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो: आधी जागा आणि जमिनीचा उतार, मग प्रवेशाचे रस्ते, मुख्य घर, घराजवळची बाग, पार्क (म्हणजे बागेपलीकडचं झाडं विखुरलेलं मोठं कुरण) आणि शेवटी भाजीमळा. कोणती भिंत कोणत्या दशकातली, कोणती इमारत कुणी बांधली हे त्यात सालवार असतं. काही नोंदी जुन्या आहेत, त्यांत अलीकडची दुरुस्ती आलेली नसते. त्याचा फायदाच होतो, कारण आधी काय होतं आणि नंतर काय उभं राहिलं हे जुळवून पाहता येतं.

दुसरं साधन नकाशाचं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) नकाशे फुकट पाहता येतात. त्यांतला मैलाला २५ इंच या प्रमाणाचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला नकाशा शोधा. तो इतका बारकाईने काढलेला आहे की पार्कमधली सुटी झाडंसुद्धा एकेक करून दाखवलेली असतात. आजचं उपग्रहचित्र शेजारी लावून पाहायची सोय तिथेच आहे. वाटा कुठे सरकल्या, तळं कुठे बुजलं, काचघरं कुठे होती हे लगेच कळतं. त्या पानाचं चित्र मोबाइलमध्ये साठवून ठेवा, कारण बागेत रेंज मिळेलच असं नाही.

कधी जावं

फुलांच्या तक्त्यावरून महिना ठरवण्याआधी बागेचा प्रकार बघा. अठराव्या शतकातली निसर्गचित्रासारखी बाग, म्हणजे तळं, उतार, झाडांचे पुंजके आणि दूरवर एखादं छोटं देऊळ, ही फुलांसाठी आखलेलीच नव्हती. तिचा जीव दृश्यरेषेत, म्हणजे कुठून काय नजरेला येतं त्यात, असतो. अशी बाग बघायला फेब्रुवारी-मार्च किंवा नोव्हेंबर उत्तम, कारण पानं गळलेली असली की रचना उघडी पडते. ऑक्टोबरच्या दुपारी ऊन तिरपं येतं आणि हिरवळीखाली दडलेल्या जुन्या वाटांचे, सपाट केलेल्या टप्प्यांचे उंचवटे सावल्यांमुळे ठळक होतात. कोरडा, कडक उन्हाळा पडला तर जुलैत हिरवळीकडे नीट बघा. खाली गाडलेली भिंत किंवा फरशी असते तिथे माती उथळ, म्हणून गवत आधी पिवळं पडतं. बुजवलेल्या चराच्या जागी माती खोल, म्हणून तिथे गवत हिरवं राहतं. अशा खुणांवरून कित्येक बागांचे जुने आराखडे सापडले आहेत.

फुलांच्या बागांचं गणित वेगळं. स्नोड्रॉप (कांद्यातून उगवणारी छोटी पांढरी फुलं) जानेवारी अखेर ते फेब्रुवारी, ब्लूबेल एप्रिल अखेर ते मेचा मध्य, रोडोडेंड्रॉन मे, गुलाब आणि मोठे मिश्र वाफे जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत. भाजीमळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरात असतो. दक्षिणेकडच्या कॉर्नवॉलमध्ये सगळं थोडं लवकर, उत्तरेकडे थोडं उशिरा.

जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून सावकाश निघालं तरी चालेल असं वाटतं. पण बागा साधारण पाचच्या सुमाराला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी मिळतो. डिसेंबरमध्ये तर चारलाच सूर्य मावळतो. काही बागा हिवाळ्यात पूर्ण बंद असतात, काही आठवड्यातले ठरावीकच दिवस उघडतात. तारीख ठरवण्याआधी संकेतस्थळावरची त्याच वर्षाची वेळ बघा, आणि निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा. वाऱ्याचा इशारा असेल तर मोठे वृक्ष असलेली बाग आयत्या वेळी बंद ठेवतात. फांदी तुटून पडण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे यात सूट मिळत नाही.

मालक कोण, तिकीट कोणतं

सगळ्या ऐतिहासिक बागा नॅशनल ट्रस्टच्या असतात हा समज काढून टाका. वेस्टबरी कोर्ट आणि बकिंगहॅमशायरमधलं स्टो ट्रस्टकडे आहेत. बेडफर्डशायरचं रेस्ट पार्क इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे. पेन्सविक, हेस्टरकम आणि सरेमधलं पेन्सहिल यांच्या स्वतंत्र धर्मादाय संस्था आहेत. एकीचं सदस्यत्व दुसरीकडे चालत नाही, सवलत असली तर ती आधी विचारून घ्यावी. स्टोमध्ये तर बाग ट्रस्टची आणि मधला भव्य वाडा शाळेचा. वाडा आतून बघायचा असेल तर त्याच्या वेळा आणि तिकीट वेगळं.

एका मोठ्या माणसाचं तिकीट बहुतेक ठिकाणी १० ते २५ पौंडांच्या दरम्यान पडतं. ट्रस्टच्या पाच-सहा जागा वर्षभरात बघणार असाल तर सदस्यत्व परवडतं, शिवाय ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांवर गाडी लावायचे पैसे लागत नाहीत. परदेशातून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ९ किंवा १६ दिवसांचा पास असतो.

खिडकीवर तुम्हाला 'गिफ्ट एड' विचारतील. ही ब्रिटनमध्ये आयकर किंवा भांडवली नफ्यावरचा कर भरणाऱ्यांसाठीची योजना आहे. त्यांनी दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स देतं. त्यासाठी तिकिटाची रक्कम निदान १० टक्क्यांनी वाढवतात, किंवा त्याच तिकिटावर वर्षभर पुन्हा येऊ देतात. तुम्ही तिथे कर भरत नसाल तर त्या अर्जावर सही करू नये, साधं तिकीट मागावं. भरत असाल तर जरूर करावी, आणि तिकिटावर वर्षभर प्रवेश आहे का तेही विचारावं. फेब्रुवारीत एकदा आणि जुलैत एकदा, अशी तीच बाग बघण्यात मोठी मौज आहे.

याखेरीज खासगी घरांच्या बागा असतात. नॅशनल गार्डन स्कीम १९२७ पासून चालू आहे. तिच्यात घरमालक वर्षातून थोडे दिवस बाग उघडतात आणि पैसे आरोग्यसेवेशी निगडित संस्थांना जातात. तिथे मालक स्वतः भेटतात, घरचा केक असतो, आणि जीर्णोद्धाराबद्दल इतकं मोकळेपणाने सांगणारं दुसरीकडे कुणी सापडणार नाही.

पोचायचं कसं

गाडीने जात असाल तर नुसत्या पोस्टकोडवर विसंबू नका. शहरात एक पोस्टकोड म्हणजे गल्लीतली थोडी घरं. ग्रामीण भागात तोच पोस्टकोड मैलभर पसरलेला असतो आणि नॅव्हिगेशन तुम्हाला इस्टेटच्या मागच्या शेतफाटकाशी नेऊन सोडतं. शेवटचे दोन-तीन मैल रस्त्यावरच्या तपकिरी पाट्या बघत जा, त्या पर्यटनस्थळांसाठीच असतात. बागेच्या संकेतस्थळावर नॅव्हिगेशनसाठी वेगळी सूचना असेल तर तीच पाळा.

रेल्वे आणि बसनेही जमतं, फक्त रविवार टाळा. गावाकडच्या बस रविवारी आणि सार्वजनिक सुटीला फार तुरळक असतात, काही मार्गांवर नसतातच. पेन्सविकसाठी लंडनच्या पॅडिंग्टनहून स्ट्राउडपर्यंत रेल्वे आणि तिथून चेल्टनहॅमकडे जाणारी बस. गावात उतरून बाग साधारण अर्ध्या मैलावर आहे. हेस्टरकमसाठी पॅडिंग्टनहून टॉन्टन, सुमारे दोन तास, आणि पुढचे चारेक मैल टॅक्सीने. २०२५ पासून इंग्लंडमधल्या बहुतेक बसना एकेरी भाड्याची कमाल मर्यादा ३ पौंड आहे. परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून टाका, संध्याकाळी खेड्यात ती सहज मिळत नाही.

चालत जाताना रस्त्याला पदपथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. वळण आंधळं असेल तर क्षणभर बाहेरच्या कडेला जायचं. शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट मिळाली तर ती केव्हाही बरी. वाटेतलं फाटक ज्या स्थितीत सापडलं त्याच स्थितीत ठेवायचं: उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावून. मेंढ्या चरत असतात.

पायात काय, अंगात काय

नक्षीची तळवट असलेले, पाणी न शिरणारे बूट हवेत. ग्लॉस्टरशायर-सॉमरसेटच्या उतारांवरची ओली हिरवळ आणि चिकणमाती गुळगुळीत तळव्यांच्या बुटाला उभं राहू देत नाही. उंच टाचा बारीक खडीत रुततात आणि जुन्या हिरवळीला भोकं पाडतात. जूनमध्येसुद्धा पातळ पावसाळी जॅकेट बरोबर असू द्या. छत्रीचा उपयोग कमी, वाऱ्यात ती उलटते आणि अरुंद वाटांवर इतरांच्या डोळ्यांत जाते. उंच गवतातून चालणार असाल तर लांब पँट घाला. गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. घरी गेल्यावर गुडघ्यामागची आणि मांड्यांची त्वचा तपासा. खाजकुयलीसारखी आग करणारं नेटल कुंपणाच्या कडेला सर्रास असतं.

मुलं बरोबर असतील तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक म्हणजे काहीही तोंडात घालायचं नाही. कुंपणासाठी कापून आकार दिलेलं यू नावाचं काळपट हिरवं झाड जवळपास पूर्ण विषारी असतं, त्याच्या लाल फळाचा गर सोडला तर बीसुद्धा. फॉक्सग्लव्ह, मंक्सहुड, लॅबर्नम हेही विषारी. दुसरं, पाण्याजवळ धावायचं नाही. अठराव्या शतकातल्या कालव्यांना आणि तळ्यांना कठडे नसतात, मूळ रूप राखायचं म्हणून ते नंतरही बसवत नाहीत. 'हा-हा'चंही भान ठेवा. हा घराच्या बाजूने अजिबात न दिसणारा खंदक. आतली बाजू उभी भिंत, बाहेरची बाजू उतरती. गुरं बागेत येऊ नयेत आणि तरी घरातून पाहताना हिरवळ अखंड पार्कपर्यंत गेलेली दिसावी म्हणून तो खणलेला असतो. वरून चालत येणाऱ्याला तो शेवटच्या दोन-तीन पावलांवर कळतो.

चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर आधी फोन करा. बऱ्याच मोठ्या बागांत बॅटरीवर चालणारी गाडी आगाऊ सांगून मिळते, आणि खडी-पायऱ्या टाळणारी वाट नकाशावर आखून देतात.

आत गेल्यावर: दोन फेऱ्या

पहिली फेरी न थांबता मारा. पाट्या वाचू नका, फोटो काढू नका, फक्त बागेचा आकार लक्षात घ्या: उंच कुठे, खोल कुठे, पाणी कुठून येतं, घर कुठून दिसतं. मग बसून नकाशा आणि जुनं चित्र काढा आणि दुसरी फेरी सावकाश करा. पेन्सविकसारख्या सुमारे ६ एकरांच्या बागेला दोन तास पुरतात. हेस्टरकमला चार-पाच तास ठेवा. स्टो २५० एकरांचं आहे आणि ४० हून अधिक देवळं, पुतळे, कमानी आहेत. तिथे अख्खा दिवस लागतो आणि तरी काही राहतंच.

पेन्सविकमध्ये आधी घराच्या बाजूला, वरच्या अंगाला उभे राहा. बाग खाली एका लपलेल्या घळीत आहे, त्यामुळे रॉबिन्सने जशी चित्रात मांडली तशी ती एका नजरेत येते. बेंजामिन हायेटने १७४० च्या दशकात ती मित्रमंडळींच्या मेजवान्यांसाठी करवून घेतली. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे नुसतं जंगल माजलं होतं, आणि १९८४ मध्ये साफसफाई सुरू झाली. आता चित्र हातात घेऊन एकेक जुळवा. पांढरा, टोकदार कमानींचा अर्धवर्तुळाकार एक्सीड्रा, म्हणजे शोभेची कमानदार भिंत, चित्रावरून नव्याने बांधलेला आहे. रेड हाउस या छोट्या इमारतीसमोर मात्र थोडा वेळ काढा. त्याचे दर्शनी भाग दोन, आणि ते एकमेकांशी कोन करून बसवलेले. समोरून बघणाऱ्याला इमारत वाकडी वाटते. पण दोन वेगवेगळ्या वाटा तिच्याकडे येतात आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला तिचा एकेक चेहरा बरोबर समोर येतो. एकदा एका वाटेने, एकदा दुसरीने चालत या म्हणजे पटेल. रोकोको शैलीचा समतोलाशी खेळण्याचा स्वभाव इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आता चित्रात नसलेलं शोधा. तिथला झाडांचा चक्रव्यूह बागेच्या अडीचशे वर्षांच्या निमित्ताने लावलेला आहे. आणि फेब्रुवारीत उतारावर पसरणारे स्नोड्रॉप. त्यांतला 'ॲटकिन्सिआय' हा वाण एकोणिसाव्या शतकात याच इस्टेटवर राहिलेल्या जेम्स ॲटकिन्स यांच्या नावाचा. उंचीला जास्त, लवकर फुलणारा, बाहेरच्या पाकळ्या लांब आणि निमुळत्या. गुडघ्यावर बसून एखादं फूल अलगद वर करून बघा, नेहमीच्या स्नोड्रॉपपेक्षा वेगळेपण लगेच दिसतं. १७४८ शी काटेकोर राहायचं तर हा गालिचा नसायला हवा होता. तो राखला, आणि आज हिवाळ्यातली बहुतेक गर्दी त्याच्यासाठीच येते. आमच्या मते हा निर्णय अगदी योग्य होता.

हेस्टरकममध्ये उलट क्रम ठेवा: घरामागची दरी आधी, कारण चढ आहे आणि पाय ताजे असलेले बरे. कोपलस्टोन वॉर बॅम्पफील्ड यांनी १७५० ते १७८६ या काळात ही दरी सजवली. तळं, धबधबा, छोटी देवळं, बसायच्या जागा. प्रत्येक बैठकीवर खरोखर बसा. डोळ्यांची उंची बदलली की समोरचं दृश्य चौकटीत बसतं. उभ्याने पाहिलं तर ते निसटतं. जीर्णोद्धारात इथली बरीच झाडं तोडावी लागली, ती या दृश्यरेषा मोकळ्या करण्यासाठीच.

मग दक्षिणेला उतरून या. १९०४ ते १९०८ मधली ही बाग वास्तुकार एडविन ल्युटेन्सने आखली आणि बागरचनाकार गर्ट्रूड जीकलने लावली. मधला खोलगट चौक, 'ग्रेट प्लॅट', तिरक्या फरसबंद वाटांनी त्रिकोणी वाफ्यांत विभागलेला आहे, आणि वाफ्यांना बर्जेनियाच्या जाड, चकचकीत पानांची किनार आहे. दोन्ही बाजूंच्या वरच्या सपाट टप्प्यांवरून पाण्याचे अरुंद पाट सरळ जातात आणि मध्येमध्ये वर्तुळाकार वळसा घेतात, त्या वळशात पाणवनस्पती लावलेल्या. टोकाच्या लता-मांडवाचे खांब बघा, एक गोल, एक चौकोनी, असे आळीपाळीने. ही जागा पुढे अग्निशमन दलाच्या मुख्यालयाकडे गेली होती. १९७० च्या दशकात परगण्याच्या कौन्सिलने दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा जीकलचे लागवडीचे नकाशे इथल्याच कुंड्यांच्या खोलीतल्या खणात मिळाले. तिचे इतर पुष्कळसे कागद कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आहेत. तिच्या लागवडीची खूण म्हणजे लांबट, तिरके पट्टे. एक वनस्पती संपायच्या आत दुसरी तिच्यात घुसते, त्यामुळे एखादी फुलून गेली तरी वाफा रिकामा दिसत नाही.

भिंतींच्या आतला भाजीमळा

हा भाग बरेच जण घाईत उरकतात. आम्ही तर म्हणू, वेळ कमी असेल तर देवळं सोडा पण मळा बघा. सगळी युक्ती उन्हाची आहे. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत सर्वांत उबदार, म्हणून तिथे पीच, ॲप्रिकॉट, अंजीर आणि त्यांना टेकून काचघरं. उत्तरेकडे तोंड असलेल्या थंड भिंतीला मोरेलो नावाची आंबट चेरी. दगडी मुलखातही आतून विटा लावलेल्या दिसतात, कारण वीट ऊब धरून ठेवते आणि तिच्या सांध्यांत खिळा ठोकता येतो. जवळ जाऊन बघा: फांद्या पसरून बांधण्यासाठी दीडदोनशे वर्षं ठोकलेल्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात.

काही भिंती आतून पोकळ असतात. मागच्या बाजूला भट्टीचं तोंड, आत वळणं घेत जाणारी धुराची वाट आणि माथ्यावर धुराडं. वसंतात मोहोर असताना हिमकण पडले तर भिंत तापवायची. काजळी साचून या वाटा तुंबायच्या, सफाई जिकिरीची होती. १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला, काच स्वस्त झाली आणि काचघरांनी तापत्या भिंतींना मागे टाकलं.

हेलिगनमधला अननसाचा खड्डा याच्या पुढची पायरी. मधल्या काचेच्या खड्ड्यात झाडं, दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्याची ताजी लीद. लीद कुजताना तापते, आणि जाळीदार विटांच्या भिंतीतून ऊब मधल्या खड्ड्यात जाते. लीद थंड पडली की बदलायची, भर टाकायची, अख्खा हिवाळा. शेजारच्या माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, त्यांनी लिहिलेली नावं आहेत. ती बघितल्याशिवाय निघू नका.

अपेक्षाभंग कुठे होतो

फोटोत पाहिलेली बॉक्सवुडची ठेंगणी कुंपणं जागेवर नसतात, ही सर्रास तक्रार. बुरशीमुळे होणारा बॉक्स ब्लाइट आणि बॉक्स ट्री मॉथ या पतंगाच्या अळ्या यांनी देशभर ही झुडपं खाऊन टाकली आहेत, आणि कित्येक बागांनी त्यांच्या जागी बुटकं यू किंवा बारीक पानांची जपानी हॉली लावली. ॲश वृक्षांचा रोग २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आढळला, त्यामुळे मोठ्या कत्तली झाल्या आणि वाटा बंद ठेवाव्या लागतात. रोडोडेंड्रॉनच्या बागांत बूट पुसायला जंतुनाशकाची चटई असते. ती टाळून जाऊ नका. मातीतूनही पसरणाऱ्या फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूपासून झाडं वाचवायला ती ठेवलेली आहे.

पेन्सहिलची स्फटिकगुहा बघायलाच जात असाल तर तिच्या वेळा वेगळ्या विचारून घ्या. चार्ल्स हॅमिल्टनने अठराव्या शतकात करवून घेतलेली, छतापासून भिंतींपर्यंत स्फटिकांनी मढवलेली ही गुहा स्वयंसेवक असतील तेव्हाच उघडते. वेस्टबरी कोर्ट सेव्हर्न नदीच्या सखल पट्ट्यात आहे. हिवाळ्यात पूर आला की तिथली बाग पाण्याखाली जाते.

नॅशनल ट्रस्टच्या जागांवर ड्रोन उडवायला बंदी आहे. व्यावसायिक किंवा लग्नाच्या फोटोंसाठी आगाऊ परवानगी आणि शुल्क लागतं, ट्रायपॉड पाहिला की हटकतात. चहाची खोली बाग बंद होण्याच्या आधीच आवरते, आणि साडेबारा ते दोन तिथे रांग असते, म्हणून बारालाच जेवून घ्या. अंडं खात नसाल तर निःसंकोच विचारा. कायद्याने जे १४ ॲलर्जीकारक घटक जाहीर करावे लागतात त्यांत अंडं आहे, त्यामुळे नेमकं उत्तर मिळतं.

माळ्यांशी बोला. शनिवार-रविवारी ते फारसे दिसत नाहीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वयंसेवकांसकट कामावर असतात. 'किती सुंदर' म्हटलं की ते हसून कामाला लागतात. त्याऐवजी विचारा: या वाफ्याचा पुरावा काय मिळाला होता? बागेतलं सर्वांत जुनं जिवंत झाड कोणतं? मूळ वाण मिळालं नाही तेव्हा काय लावलं? मग हातातलं खुरपं बाजूला ठेवून ते तुम्हाला जागेवर घेऊन जातील.

वाळलेली बी खुडणं किंवा फांदी तोडणं म्हणजे चोरीच, आणि दुर्मिळ स्नोड्रॉपचे कांदे चोरीला जाण्याचे प्रकार होतात म्हणून कर्मचारी सावध असतात. बहुतेक बागांच्या दारात रोपांचं दुकान असतं आणि तिथली कमाई बागेलाच जाते. परदेशात परतणार असाल तर मात्र रोपं, कांदे आणि बहुतेक बियाण्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि मातीसकट रोप नेता येत नाही. तेव्हा रोप तिथल्याच कुणा ओळखीच्यांच्या घरी लावायला घ्या.